देवचाराला आरोपी करता येत नाही

गेल्या पावसाळ्यात मला एका ऑडिओ सिरीजचं काम मिळालं. मुंबईची मंडळी होती, ब्रीफ दीड पानाचं, त्यात असं की पणजी शहर, एकामागून एक खून, सगळे आतून बंद खोलीत, अंगावर ओरखडासुद्धा नाही, आणि तपासाला दोन पोलीस डिटेक्टिव्ह, एक भुतं मानणारा आणि एक न मानणारा, आणि दहाव्या एपिसोडला न मानणारा मानायला लागतो. खाली बोल्ड अक्षरात 'गोव्याचा फील हवा'. म्हणजे काय ते मला माहीत आहे, म्हणजे फेणी, पडकं पोर्तुगीज घर आणि पाऊस. पैसे बरे होते म्हणून हो म्हटलं.

पहिला एपिसोड लिहून झाला तेव्हा त्याची प्रिंट काढली आणि उत्तर गोव्यात साखळीला मामाकडे गेले. मामा गोवा पोलिसात कॉन्स्टेबल म्हणून लागला आणि एएसआय होऊन रिटायर झाला, डिचोली, वाळपई, म्हापसा, पणजी सगळीकडे फिरून आला. आता वाळवंटी नदीच्या काठाला घर आहे, सकाळी माडांची शेंडी बघतो, संध्याकाळी पेपर, आणि मधल्या वेळात कोणी तावडीत सापडला तर त्याची उलटतपासणी. तो बोलतो कोकणीत, मी लिहिते मराठीत, आमच्या घरात हे असंच चालत आलंय आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही.

त्याने चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि पहिल्याच ओळीतला 'डिटेक्टिव्ह' खोडला. म्हणाला असली पोस्टच नाही. पोलीस स्टेशनला पीआय असतो, पीएसआय असतो, केस ज्याच्याकडे तो आयओ, म्हणजे तपास अधिकारी. मोठी भानगड असेल तर रायबंदरला क्राईम ब्रांचकडे जाते, पण तिथेही लांब कोट घालून कोणी फिरत नाही, तिथे फायली असतात आणि फायलींना लावायचे टॅग संपलेले असतात.

मग तो पान दोनवर आला. तिथे माझा हिरो प्रेताकडे बघून म्हणतो, 'हे माणसाचं काम नाही.' मामाने विचारलं, हे तो कुठल्या रकान्यात लिहिणार?

मला वाटलं टिंगल करतोय. पण तो सिरियस होता. माणूस संशयास्पद मेला की पहिला कागद इनक्वेस्टचा, म्हणजे मरणोत्तर पंचनाम्याचा, जुन्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम १७४, आता १ जुलै २०२४ पासून नंबर बदलले, १७४ चं १९४ झालं आणि आयपीसीतल्या खुनाच्या ३०२ चं १०३, पण मजकूर बहुतेक तोच. त्यात म्हटलंय की शेजारपाजारच्या दोन किंवा जास्त प्रतिष्ठित माणसांसमोर अंगावरच्या जखमा, मोडलेली हाडं, वळ, सगळं लिहायचं, आणि ते कशाने झालेलं दिसतं, कुठलं हत्यार असावं, तेही लिहायचं. 'दिसतं' हा शब्द मामाला फार आवडतो. तुला काय वाटतं ते कोणी विचारलेलंच नाही, तुला काय दिसतं ते लिही. "भूत आसूं, देवचार आसूं, पंचनामो करचोच पडटा," असं म्हणून त्याने पान उलटलं. देवचार म्हणजे आमच्याकडे गावाची, शेताची राखण करणारी अदृश्य शक्ती.

आणि पंच मिळवायचे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. वडाखाली प्रेत, रात्रीचे अकरा, अमावास्या असली तर बघायलाच नको, गावात एकही प्रतिष्ठित माणूस घरी नसतो. सगळ्यांना ताप आलेला असतो. एकदा म्हणे एक जण यायला तयार झाला पण म्हणाला, मी पाठमोरा उभा राहतो आणि तुम्ही सांगाल तिथे सही करतो.

माझ्या बंद खोलीच्या खुनाची तर त्याने पार वाट लावली. अंगावर ओरखडा नाही, दार आतून बंद, माणूस झोपेत मेला, आणि पावसाळा, म्हणजे आधी अंथरूण झाडून बघ. मण्यार, आमच्याकडे कांडर म्हणतात, रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावल्याचं कित्येकदा कळतही नाही, दात इतके बारीक की खूण शोधून सापडत नाही. पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलता येत नाही, श्वास थांबतो. घरचे म्हणतात, डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न करत होता पण कोणीतरी मिटत होतं. झालं, भूत तयार. आणि शहरातल्या फ्लॅटात असेल तर आधी गॅस गिझर बघ, खिडकी बंद करून आंघोळीला गेलेलं माणूस कार्बन मोनॉक्साइडने मरतं आणि चेहरा असा गुलाबी पडतो की जिवंतपणी एवढं टवटवीत कधी दिसलं नसेल. ते बघून भले भले हात जोडतात. व्हिसेरा, म्हणजे प्रेताच्या आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवायचा, लॅबला पाठवायचा, रिपोर्टची वाट बघायची, बस्स. वाट बघणं कितव्या एपिसोडला आहे तुझ्या, असं त्याने विचारलं. कितव्यालाच नव्हतं.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल मामा नास्तिक. अजिबात नाही. दर वर्षी ठरलेल्या दिवशी तो कुळागराच्या, म्हणजे बागायतीच्या, कडेला राखणदाराला, म्हणजे देवचारालाच, रोट देतो, सोरो म्हणजे दारू देतो, विडी पेटवून ठेवतो. ड्युटीवर असतानाही रजा टाकून यायचा. बेताळ तर आमच्याकडे ग्रामदेव, आमोण्याला आहे, लोलयेला आहे, रात्री गावाची गस्त घालतो म्हणून त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. लहानपणी मी त्या वहाणा बघायला घाबरायचे. मामा मात्र त्यांच्याकडे पोलिसासारखा बघायचा, मला म्हणाला होता, टाच कुठून झिजलीय ते बघ, माणूस कसा चालतो ते चपलेवरून कळतं, देव पण चालत असेल तर कुठे तरी पाय टेकवत असेलच ना. हे तो भक्तीने म्हणाला की चेष्टेने, मला आजवर समजलेलं नाही.

तर मी त्याला सरळच विचारलं की मानतोस ना मग, एवढं मानतोस तर माझ्या हिरोने शेवटी मानलं तर बिघडलं कुठे?

"देवचाराक हांव मानतां," तो म्हणाला. "पूण आरोपी केन्नाच करूंक ना."

हे वाक्य मी तिथल्या तिथे मोबाईलवर टाईप केलं, संवाद म्हणून वापरता येईल म्हणून. लेखक लोक असे नालायक असतात.

परत आल्यावर मी वाचायला बसले. आधी आपल्याकडचंच प्रसिद्ध प्रकरण घेतलं, कासावलीजवळच्या टेकडीवरचं तीन राजांचं चर्च. गोव्यातल्या हॉन्टेड जागांची कुठलीही यादी उघडा, हे असतंच. गोष्ट अशी की तिथे तीन पोर्तुगीज राजे होते, एकाने बाकी दोघांना जेवायला बोलावून विष घातलं, मग लोक खवळले म्हणून स्वतःही विष घेतलं, आणि आता तिघेही तिथे फिरतात. दोन खून आणि एक आत्महत्या, आणि एफआयआर कोणी दिलेली नाही. मामाच्या पद्धतीने विचार केला तर पाच मिनिटं लागत नाहीत. पोर्तुगालचा राजा लिस्बनला असायचा, इथे यायचे ते व्हाइसरॉय आणि गव्हर्नर, तर एका टेकडीवर तीन राजे आले कुठून? आले ते बायबलमधून. बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे, त्यांचं फेस्त तिथे दर वर्षी ६ जानेवारीला होतं, आसपासच्या तीन गावांतली तीन मुलं मुकुट घालून राजे होतात आणि तीन वाटांनी टेकडी चढतात. म्हणजे नाव आधी होतं, राजे आधी होते, फक्त मयत कोणी नव्हतं. ते मागाहून कोणीतरी भरलं. इतकं सुंदर फेस्त सोडून लोक रात्री दारू पिऊन तिथे भूत शोधायला जातात, मला याचा फार राग येतो, पण तो विषय वेगळा.

मग मी कोर्टाचे निकाल वाचायला लागले, कारण मला खरी केस पाहिजे होती, खून झालाय आणि त्यात भूत आहे अशी. आणि ती सापडली. ओरिसा हायकोर्ट, १९६०, स्टेट ऑफ ओरिसा विरुद्ध राम बहादूर थापा. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ही पाठ असते, मी पहिल्यांदा वाचली आणि दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

ओरिसात रसगोविंदपूर नावाचं गाव, तिथे युद्धाच्या वेळचा सोडून दिलेला विमानतळ. १९५८ चा मे महिना. कलकत्त्याचा एक व्यापारी तिथलं विमानांचं भंगार विकत घ्यायला आलेला, त्याच्याबरोबर त्याचा नेपाळी नोकर, हा राम बहादूर. गावात बोलवा होती की विमानतळावर रात्री भुतं असतात. त्यांना ती बघायची होती. चहाच्या टपरीवाल्याला उठवलं आणि रात्रीचे निघाले. लांब विमानतळात एक उजेड दिसला, वारा सुटलेला त्यामुळे तो हलत होता, आणि त्याच्याभोवती काही आकृत्या नाचतायत असं वाटलं. सगळे तिकडे धावले, राम बहादूर सगळ्यात पुढे, आणि पोचल्या पोचल्या त्याने खुकरी काढून सपासप वार करायला सुरुवात केली. त्यांच्यातला टपरीवालासुद्धा जखमी झाला. तो ओरडला, बायका ओरडल्या, तेव्हा हात थांबला.

त्या भागातल्या मांझी आदिवासी समाजाच्या बायका होत्या. मोहाच्या झाडाखाली कंदील ठेवून वाकून फुलं वेचत होत्या. एक मेली, बाकीच्या जखमी.

सेशन्स कोर्टाने त्याला सोडलं, सरकार अपिलात गेलं, हायकोर्टानेही सोडलं. आयपीसीचं कलम ७९, वस्तुस्थितीबद्दलची चूक. माणसावर नव्हे तर भुतावर वार करतोय असं तो मनापासून समजत होता, आणि जरा जास्त काळजी घेतली असती तर ओळखता आलं असतं, एवढ्यावरून त्याचं संरक्षण जात नाही, असा तो हिशोब. निकाल वाचताना चुकीचा वाटत नाही, तो गरीब माणूस होता, घाबरलेला होता, खोटं बोलत नव्हता. तरी मला राहून राहून वाटत होतं की त्याच गावात, त्याच रात्री, त्याच भुतांच्या मैदानात त्या बायका कंदील घेऊन गेल्या होत्या. त्यांनी भुतं ऐकली नव्हती का? त्यांना ऐकून परवडत नव्हतं. बघायला गेलेल्यांना भूत दिसलं आणि वेचायला गेलेल्यांना फुलं.

सांगायचं म्हणजे हे जुनं आणि लांबचं म्हणून सोडून देता येत नाही. गुन्ह्यांची आकडेवारी गोळा करणारी सरकारी संस्था एनसीआरबी दर वर्षी देशातल्या खुनांचा जो तक्ता छापतं त्यात हेतूंच्या यादीत मालमत्ता, भांडण, प्रेमप्रकरण यांच्या ओळीत जादूटोणा हा वेगळा रकाना आहे. पोलिसांची सुपरनॅचरल खुनाची फाईल म्हणजे हीच, आणि तिच्यात भूत म्हणून मेलेली बाई असते.

हे सगळं घेऊन मी परत साखळीला गेले. श्रावण होता, पाऊस मधेच थांबून ऊन पडत होतं. मामाला केस सांगितली. तो गप्प ऐकत राहिला आणि मग म्हणाला, तुला मळ्यातली बांय आठवते?

आठवते म्हणजे काय. सत्तरी तालुक्यात आमच्या आजोळच्या गावी, नाव नको, मळ्यात एक विहीर होती आणि तिच्यात आळवंतीण होती. बाळंतपणात मेलेली बाई आळवंतीण होते, सगळ्यांना माहीत असतं. १९८८ साली, मी आठ वर्षांची, शेजारच्या घरातली सून त्या विहिरीत मेली. आम्ही तिला वयनी म्हणायचो, ती आम्हाला चिंचा मीठ लावून द्यायची. गाव म्हणाला, आळवंतिणीने ओढली. नंतर कित्येक वर्षं मी तिकडून जाताना डोळे मिटून जायचे, आणि दोनदा त्यामुळे पडले.

मला हे माहीत नव्हतं की मामा त्या केसला होता. नवीन कॉन्स्टेबल, पोस्टिंग जवळच्या स्टेशनला, प्रेतावर पहारा द्यायला पाठवलेला. पाणी आणायला गेली आणि पाय घसरला, असं घरचे म्हणत होते, आणि घसरला कशाला तर तिला लागीर होतंच. पहाऱ्यावर माणसाला काही काम नसतं म्हणून तो इकडे तिकडे बघत होता. विहिरीचा राजू, म्हणजे दोर, खुंटीला नीट गुंडाळून ठेवलेला. कोरडा. कळसो काठावर नाही, पाण्यात नाही, घरात होता. पाणी मागायच्या निमित्ताने तो त्यांच्या मागच्या दारी गेला तर न्हाणीतलं भाण, म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं, काठोकाठ भरलेलं. एवढं पाणी घरात असताना तिन्हीसांजेला दोराशिवाय, कळशाशिवाय ही बाई कुठलं पाणी आणायला गेली?

त्याने फक्त एक प्रश्न विचारला, तोही वरच्याला नाही, तिथे जमलेल्या म्हाताऱ्यांना. "लग्न जावन कितलीं वर्सां?"

चार. १९८३ च्या दुरुस्तीनंतर लग्नाला सात वर्षांच्या आत बाई मेली तर आत्महत्या असो नाहीतर संशय असो, नुसत्या पोलीस पंचनाम्यावर भागत नाही, जिथे सरकारी डॉक्टर असेल तिथे नेऊन चिरफाड करावी लागते आणि मॅजिस्ट्रेटच्या दर्जाचा अधिकारी यावा लागतो. तो आला. पोस्टमॉर्टेममध्ये बुडून मृत्यू असं आलं, म्हणजे पाण्यात गेली तेव्हा जिवंत होती, पण कशी गेली ते पाणी सांगत नाही. मग जबाब सुरू झाले. वयनीच्या बापाने पहिल्या दिवशी एक सांगितलं, आठवड्याने दुसरं. बाकी गावाने एकच सांगितलं. एकाने सांगितलं असतं तर साहेबाने दम दिला असता, पण अख्ख्या गावाने लागीर म्हटल्यावर माणूस कोणाकोणाला दम देणार. जबाबात आळवंतीण लिहिता येत नाही म्हणून 'मयताची मानसिक स्थिती ठीक नव्हती' असं लिहिलं आणि केस अपघात म्हणून बंद झाली. भुताचं सरकारी भाषांतर ते हेच.

मामा म्हणाला, एक गोष्ट मात्र मला कधी कळली नाही. गावात सगळे म्हणत होते की आदल्या रात्री की त्याच संध्याकाळी आळवंतिणीला बघितलंय. पण बघितलं कोणी, ते नाव मिळालं नाही. जो तो म्हणे, अमक्याने बघितलं.

मी बघितलं होतं.

म्हणजे मी सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी, मी फणसाखाली लपाछपीत लपले होते आणि विहिरीकडून कोणीतरी पांढरं येताना दिसलं, मी पळत घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वयनी गेल्याचं कळल्यावर मी आजीला म्हटलं, काल मी तिला बघितली, आळवंतिणीला. आजीने मीठमोहऱ्या ओवाळल्या. दुपारपर्यंत गावभर झालं. मला त्याचा जरासा अभिमानच वाटत होता, शाळेत मुलं मला मधल्या सुट्टीत परत परत सांगायला लावायची, आणि मी दर वेळी थोडं वाढवायचे, केस मोकळे, डोळे लाल. तीसपस्तीस वर्षांत ही गोष्ट मी पार्ट्यांमध्ये सांगितलीय, हॉस्टेलवर सांगितलीय, आणि खरं सांगायचं तर हे ऑडिओचं काम मला मिळालं तेसुद्धा हीच गोष्ट मीटिंगमध्ये रंगवून सांगितली म्हणून.

मामाने काही ओरडा केला नाही. पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि पोलिसी आवाजात विचारायला लागला. उजेड होता की दिवे लागलेले? फणस विहिरीच्या कुठल्या अंगाला? पांढरं म्हणजे लुगडं, धोतर, की नुसता अंगावर घेतलेला टॉवेल? उंची केवढी, फणसाच्या खालच्या फांदीपेक्षा वर की खाली? कुठे गेली, वयनीच्या घराकडे की रस्त्याकडे?

मला काहीच सांगता येईना. डोळे मिटले की लाल डोळे दिसायचे, मोकळे केस दिसायचे, जे मी स्वतः नंतर घातले होते, आणि त्याच्या खालचं जे खरं असेल ते मी इतक्या वेळा रंगवलं होतं की आता खरवडून सुद्धा निघेना. लुगडं की धोतर हे साधं, एका शब्दाचं उत्तर मला देता येत नव्हतं. मी रडायला लागले, आणि बाहेर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला तशी मामी पिशवी घेऊन बाहेर गेली.

"बाय गो," मामा म्हणाला, "पांयांत कितें आशिल्लें?"

मी म्हटलं, भुताचे पाय उलटे असतात. सवयीने म्हटलं. तो वाट बघत राहिला. आणि मग मला आठवलं की शाळेत मी ही गोष्ट सांगायचे तेव्हा एक आवाज काढून दाखवायचे आणि मुलं दचकायची, फट्ट, फट्ट, फट्ट. आळवंतीण येताना असा आवाज येतो असं मी सांगायचे. ते मी कुठून आणलं होतं? कुठल्या गोष्टीत आळवंतिणीला असा आवाज नाही, मी नंतर खूप शोधलं. तो ओल्या हवाई चपलांचा आवाज आहे. रबरी चपला ओल्या झाल्या की टाचेला चिकटतात आणि असा आवाज येतो.

मामाला मी तो आवाज जिभेने काढून दाखवला. त्याने माझ्या स्क्रिप्टचं सातवं पान उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहायला लागला, हळूहळू, प्रत्येक शब्दाला थांबून, 'संध्याकाळची वेळ, अंधुक उजेड, पांढरे कपडे, प्रकार सांगता येत नाही, पायांत रबरी चपला, ओल्या.' लाल डोळे त्याने लिहिले नाहीत. आता याचा काय उपयोग, मी विचारलं, त्या घरातलं म्हातारं माणूस कोणी राहिलं नाही आणि तूही रिटायर. तो काही बोलला नाही. कागद माझ्याकडे फिरवला, पेन्सिल बाजूला ठेवून खिशातलं बॉलपेन दिलं, आणि खाली सही कर म्हणाला, तारीख घाल.